दुभाष्या पेटीची आणि राणोजी पोळांच्या कानांची बखर

श्रीविश्वकर्मा समर्थ. ज्याच्या कृपेने चाके फिरतात आणि ज्याची नजर फिरली असता तीच चाके भिंतीतून बाहेर जातात, त्यास नमन करून, शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कागदाच्या राज्यात जे घडले ते जैसे पाहिले आणि जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐशी ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. लिहिणाराचे नाव कोणी पुसले नाही, म्हणून तेही लिहीत नाही. राज्याचा विस्तार नदीच्या बंधाऱ्यापासून मोठ्या सडकेपावेतो, चहूकडे तारेचे कुंपण, दोन वेशी, एक मालाची आणि एक माणसांची. आत रद्दी येई आणि बाहेर कोरा कागद जाई, हाच राज्याचा धर्म. राज्याच्या मध्यभागी बॉयलर, म्हणजे वाफेची थोर भट्टी, तिचेवर सारे चाले आणि बॉयलरास वारा घालावयास दोन पंखे होते, एक थोरला आणि एक धाकटा. पंखे म्हणजे घरात छतास टांगतात तैसे नव्हेत. एकेक दीड पुरुष उंच, पोलादी कवचात बंद, आणि मिनिटास हजार फेरे घेत. दोघे मिळून फिरले तरच बॉयलर पेटे, एकट्याचे बळ पुरत नसे. आणि धाकट्या पंख्याच्या पाठीस लागून रद्दीची पडवी होती, तेथे तीस बायका दिवसभर बसून रद्दी निवडीत, टाचण्या काढीत, चिकटपट्ट्या सोलीत आणि राज्यातील सर्व वर्तमान एकमेकींस पोहोचवीत. पंखा आणि त्या बायका यांमध्ये एक विटांची भिंत, इतकेच अंतर होते.

राज्याचे धनी, ज्यांस सर्व लोक सरकार म्हणत, ते वृद्ध आणि मितभाषी होते. दिवाण गोपाळराव खासनीस एकदा बोलावयास लागले म्हणजे थांबत नसत, त्यामुळे सरकारांच्या मितभाषीपणाची कीर्ती दिवसेंदिवस वाढत गेली. दिवाण उत्पादनाविषयी बहुत दक्ष. त्यांच्या मिशा झुपकेदार, वरच्या ओठावरून उतरून खालच्या ओठास मिळालेल्या, आणि त्या मिशांआडून हुकूम सुटत. पंखाघराचा कारभार राणोजी पोळ यांजकडे. वय सत्तावन्न, पैकी छत्तीस वर्षे पंखाघरात गेली. राणोजींची रीत ऐशी की हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यावा, त्याचे टोक बेअरिंगवर, म्हणजे ज्या कड्यात पंख्याचा दांडा फिरतो त्या कड्यावर टेकावे, लाकडी मूठ कानास लावावी, डोळे मिटावे, आणि मग सांगावे की आत काय चालले आहे. आणि जे सांगितले ते खरे ठरे. तेल कमी पडले, गोळी झिजली, कडे चिरले, सर्व राणोजी कानाने पाहात. ऐशी त्यांची ख्याती दोन जिल्ह्यांत होती आणि शेजारच्या साखरेच्या राज्यातूनही त्यांस बोलावणे येई.

मग भाद्रपद मासी राज्यात एक पेटी आली. जेवणाच्या डब्याएवढी, राखाडी रंगाची, पुढे हिरव्या दिव्यांची रांग. पंख्यांच्या बेअरिंगांवर सुपारीएवढे सेन्सर बसविले, ते थरथर पकडीत, आणि केबलीतून पेटीकडे धाडीत. परंतु सेन्सरांची भाषा संगणकास कळेना, म्हणून ही पेटी मध्ये बसून इकडची थरथर तिकडे आकड्यांत सांगे, आणि कंट्रोल रूममधील पडद्यावर थोरल्याची एक रेघ आणि धाकट्याची एक रेघ चाले. कागदोपत्री तिचे नाव डेटा इंटरफेस मॉड्यूल. हे नाव दिवाणांच्या मिशीत अडके, म्हणून लोकांनी तिजला दुभाष्या पेटी म्हणावे ऐसे ठरले. पेटीबरोबर अवंती मिराशी नामे बाई आल्या, इंजिनिअर, वय तीसच्या आसपास, पायात लोखंडी टोकाचे बूट. त्यांनी चार दिवस स्वहस्ते केबली ओढिल्या, प्रत्येक केबलीस क्रमांकाची चिठ्ठी बांधिली, आणि जाताना दिवाणांस विनंती केली की, "साहेब, या केबलींना मला विचारल्याशिवाय कुणी हात लावू नये." दिवाण "अवश्य, अवश्य" बोलिले. राणोजी पेटीपुढे उभे होते, ते बाईंस पुसते जाहले की, "ही काय काय ऐकती?" बाई म्हणाल्या, "काका, ही ऐकत नाही, नुसती मोजते. ऐकणारे तुम्ही." राणोजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हसले आणि पेचकस पुसू लागले.

पुढे आश्विन मासी खंडेनवमीचा सण आला. राज्याचा कुळाचार ऐसा की त्या दिवशी यंत्रे बंद ठेवून धुवावी, पुसावी, हळदकुंकू वाहावे, झेंडूच्या माळा घालाव्या आणि पेढे वाटावे. ते वर्षी सरकारांचे व्याही पूजेस येणार, म्हणून दिवाणांनी हुकूम सोडिला की पंख्यांस चंदेरी रंग द्यावा आणि माळा कशातही अडकता कामा नये. तेव्हा रंगारी आले, त्यांनी मध्ये येणाऱ्या केबली सोडून बाजूस ठेविल्या, पंखे रंगविले, आणि हात चालता होता म्हणून चिठ्ठ्याही रंगविल्या. मग माळा घातल्या, मग केबली जेथे बसल्या तेथे बसविल्या. पेटीचे सर्व दिवे हिरवे पेटले. व्याही बहुत संतोष पावले आणि म्हणाले की ऐसे पंखे आपण कोठे पाहिले नाहीत.

कार्तिक शुद्ध पंचमीस पेटीने हाक दिली. पडद्यावर थोरल्या पंख्याची रेघ चढली, आणि षष्ठीस आणखी चढली, आणि सप्तमीस लाल जाहली. बाईंस बोलावणे गेले, त्या दुसरे दिवशी हजर जाहल्या, रेघ पाहिली आणि म्हणाल्या, "थोरल्याचं बेअरिंग जातंय, साहेब. पंखे थांबवा आणि उघडून बघा." दिवाणांस हे रुचले नाही, कारण ते मासी शाळांच्या वह्यांचा कागद धाडावयाचा होता. तेव्हा दिवाणांनी मसलत केली की आपले घरचे माणूस असता परक्या पेटीचे का ऐकावे, आणि राणोजींस दरबारी बोलाविले. सकाळी दहास मोठ्या टेबलाभोवती जी बैठक भरे तिजला दरबार म्हणत. राणोजी पंखाघरात जाऊन दोन्ही पंख्यांस पेचकस लावून आले आणि सर्वांसमक्ष साक्ष दिली की, "थोरला झकास. धाकटा तर बासरी वाजवतोय." दरबार हसला. बाई म्हणाल्या, "काका, पुन्हा एकदा ऐकता का?" दिवाण म्हणाले, "छत्तीस वर्षं ऐकतायत ते." तथापि सरकारांनी इतकेच सांगितले की, "उघडून बघा." मग बॉयलर विझविला, पेटीची वीज काढिली, दोन्ही पंखे थांबविले, थोरल्याचे बेअरिंग उघडिले, आणि पाहतात तो आरशासारखे लख्ख. एक ओरखडा नाही. बाईंनी बोट फिरवून पाहिले, भिंग लावून पाहिले, बहुत वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मग सर्व पूर्ववत जोडून पंखे चालू केले, पेटीस वीज दिली, आणि पेटी पुन्हा तेच सांगू लागली की थोरला मरतो आहे.

येणेप्रमाणे पेटीची इभ्रत गेली. दिवाणांनी दरबारी भाषण केले, ते पाऊण तास चालले, त्याचा मतलब इतका की यंत्र ते यंत्र आणि माणूस तो माणूस. मग राणोजींस शाल आणि श्रीफळ दिले, सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आणि बाईंस हुकूम जाहला की परवा सकाळी पेटी उतरवून घेऊन जावी, तोपावेतो कशासही हात लावू नये. बाई बोलिल्या की, "पेटी स्वतःच्या मनाचं काही सांगत नाही, साहेब. थरथर कुठेतरी आहे." दिवाण म्हणाले, "असेल. तुमच्या पेटीत असेल." यावरही लोक हसले. राणोजी हसले नाहीत. लोकांस वाटले, विनय आहे.

आता राणोजींची गोष्ट ऐशी होती की त्यांस दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हते. आधी टिटवीचा आवाज गेला, मग देवळाची घंटा गेली, मग माणसे गेली. पंखाघरात तर कोणासच कोणाचे ऐकू येत नसे, सर्व खुणेने बोलत, त्यामुळे तेथे बहिरा मनुष्य वेगळा ओळखू येत नसे. दरबारात राणोजी नेहमी पुढे उभे राहून तोंडे वाचीत. फक्त दिवाणांचे तोंड मिशांमुळे वाचता येत नसे, म्हणून त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर राणोजी "होय साहेब" म्हणत, आणि त्यायोगे दिवाणांचा त्यांजवर विशेष लोभ जडला होता. हे गुपित एकट्या चिमाबाईंस, म्हणजे त्यांच्या कुटुंबास, ठाऊक होते. त्या घरात मोठ्याने बोलत, शेजारी समजत की नवराबायकोचे पटत नाही, आणि चिमाबाई समजू देत. पेचकस कानास लावला असता राणोजींस काहीच ऐकू आले नव्हते आणि त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली होती की काही वाईट असते तर ऐकू आलेच असते.

आणि चिमाबाई त्या रद्दीच्या पडवीतील तीस बायकांपैकी एक होत्या. शाल मिळाली त्या दिवशी सायंकाळी राणोजी घरी आले, चिमाबाईंनी शाल पाहिली, नारळ पाहिला, दोन्ही फडताळात ठेविले, आणि त्यांच्यासमोर पाटावर बसून, तोंड दिसेल ऐशा बेताने बोलिल्या, "अवो, तुमचा धाकटा बासरी वाजवतोय म्हणं. मग माझा तांब्या का नाचतोय?" राणोजींनी पुसले, कोणता तांब्या. चिमाबाई म्हणाल्या, "पाण्याचा. सकाळी फळीवर उजव्या हाताला ठेवते, जेवायच्या सुट्टीपर्यंत चालत चालत डाव्या हाताला येतो. आठ दिस झाले. बकुळाबाई म्हणती भूत हाय." चिमाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून पुसले, "खरं सांगा, त्या दिवशी तुमाला काय ऐकू आलं?" राणोजी म्हणाले, "काय बी नाही." चिमाबाई म्हणाल्या, "माझ्यापाशी सांगून काय उपेग? माझा तांब्या कोण इचारतंय." आणि उठून भाकऱ्या थापावयास लागल्या.

दुसरे दिवशी सकाळी राणोजी पंखाघरात सर्वांआधी गेले. त्यांनी पेचकसाचे टोक धाकट्या पंख्याच्या बेअरिंगवर टेकिले आणि मूठ कानास न लावता दातांत धरिली. कानाचा रस्ता बंद होता, हाडांचा खुला होता. तत्क्षणी दातांतून कवटीत जणू वाळू ओतली गेली आणि वाळूत खडे होते आणि खडे एका ठरल्या मापाने येत होते. मग त्यांनी थोरल्यास तैसेच दातांनी पाहिले, तो तेथे तूप. राणोजी खाली बसले. त्यांच्या मनी आले की कुणाला न सांगता धाकट्याचे तेल बदलावे, पण हे तेलाने भागणारे नव्हते. मग मनी आले की जाऊन सांगावे की आज ऐकले आणि आज वाईट निघाले. परंतु दिवाण पुसणार की परवा बासरी आणि आज खडे, तर तुमचा कोणता कान खरा? आणि पेटी तर धाकटा बरा म्हणते, मग एका जुन्या माणसाच्या बदलत्या बोलावर वह्यांचा कागद कोण थांबवील? खरे सांगितल्यावाचून पंखा थांबत नाही, आणि खरे सांगितले तर छत्तीस वर्षे जातात, ऐसा तो पेच होता. राणोजी पाव तास बसून राहिले आणि मग उठून घरी गेले, शाल घेतली, आणि दरबारी आले.

दरबार भरला होता. सरकार बसले होते, दिवाण बोलत होते, अवंतीबाई पेटी उतरविण्याच्या कागदावर सही करावयास उभ्या होत्या. राणोजी टेबलापाशी गेले, शालीची घडी दिवाणांपुढे ठेविली आणि म्हणाले, "ही माघारी घ्या साहेब. मला ऐकू येत न्हाई." दिवाण म्हणाले, "काय येत नाही?" राणोजी म्हणाले, "मिशीमुळं तुम्ही काय बोलता ते बी कळत न्हाई, साहेब. दोन वर्सं झाली. परवा मी जे सांगितलं ते माझ्या मनाचं. थोरला बरा हाय, ते खरं निघालं, पण ते नशिबानं. धाकटा जातोय. आज मी दातानं बघितलं." दिवाणांचे मुख लाल जाहले आणि ते सरकारांकडे वळून म्हणाले, "पेटी म्हणते थोरला, हे म्हणतात धाकटा. पेटी खोटी ठरली, आणि हे स्वतःच सांगतात मी बहिरा. आता बहिऱ्याच्या दातावर राज्य थांबवायचं का?" अवंतीबाईंनी हातातील लेखणी खाली ठेविली होती. त्या राणोजींसमोर येऊन, तोंड नीट दाखवून पुसत्या जाहल्या, "काका, दातांना काय लागलं?" राणोजी म्हणाले, "खडे. मोजून मापून येत्यात." बाई सरकारांस म्हणाल्या, "सरकार, पडद्यावर थोरल्याच्या नावाची रेघ अगदी तशीच आहे. मापून येणारे ठोके. दोघंही एकच रोग सांगतायत, फक्त रोग्याचं नाव वेगळं." सरकारांनी पुसले, "म्हणजे काय?" बाई म्हणाल्या, "म्हणजे केबली एकमेकींच्या जागी बसल्या असतील. अवघी पाच मिनिटं लागतील. काकांनी लाकडी मोगरीनं थोरल्याच्या सेन्सरवर तीन ठोके मारायचे. कोणती रेघ उडी मारते ते आपण बघायचं." दिवाण बोलावयास लागले. सरकारांनी हात वर केला. सरकारांनी दरबारात हात वर केल्याचा हा पहिलाच प्रसंग, म्हणून लिहून ठेविला.

मग ठराव जाहला की अकरास राणोजींनी थोरल्यावर तीन ठोके मारावे, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी धाकट्यावर तीन. घड्याळे मिळविली. राणोजी मोगरी घेऊन पंखाघरात गेले, आणि सरकार, दिवाण आणि बाई कंट्रोल रूममध्ये पडद्यापुढे उभे राहिले. अकरा वाजले. थोरल्याची रेघ लाल होती तैसी लाल राहिली, तिच्यात काही फरक पडला नाही. आणि जी धाकट्याची रेघ निवांत चालली होती, तिने तीन उड्या मारिल्या, एक, दोन, तीन. दिवाण म्हणाले, "योगायोग असेल." सरकार म्हणाले, "तीनदा?" दिवाण म्हणाले, "त्यांना पुन्हा मारायला सांगावं." बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांना ऐकू येत नाही." आणि त्या दरवाजाकडे धावल्या, कारण त्यांस आता कळले होते की ती लाल रेघ कोणाची आहे.

इकडे राणोजी अकरा वाजून चार मिनिटांनी धाकट्यापाशी आले, मोगरी डाव्या हाती, आणि ठोके मारण्याआधी सवयीप्रमाणे उजवा तळवा पंख्यावर ठेविला. सकाळी जे खडे होते ते आता धोंडे जाहले होते. तळवा राहीना, खांद्यापर्यंत हात हादरे. पंख्याच्या बाजूस खांबावर लाल बटण होते आणि त्यावर पाटी होती की दिवाणांच्या लेखी हुकुमावाचून बटण दाबणारावर कारवाई होईल. राणोजींनी पाटी छत्तीस वर्षे वाचली होती. त्यांनी बटण दाबिले. परंतु इतका थोर पंखा वीज तुटल्यावरही लगेच थांबत नाही, पाच-सहा मिनिटे आपल्याच वजनाने फिरतो. म्हणून राणोजी आतल्या दाराने रद्दीच्या पडवीत शिरले आणि ओरडले, "उठा! समद्या भायेर!" त्यांस स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो किती मोठा निघाला हे त्यांस कधी कळले नाही. पण मालाच्या वेशीवरील पहारेकऱ्याने तो ऐकिला. तीस बायका रद्दी टाकून उठल्या. चिमाबाई सर्वांत मागे राहून एकेकीस पुढे ढकलीत होत्या. बकुळाबाई आपला डबा घ्यावयास माघारी वळल्या, तेव्हा चिमाबाईंनी त्यांस दंडास धरून ओढिले आणि म्हणाल्या, "डबा मरू दे, मी देते तुला नवा." मग सर्व अंगणात कडुलिंबाखाली जमा जाहल्या. अवंतीबाई धापा टाकीत तेथे पोहोचल्या. राणोजी बायकांकडे तोंड करून उभे होते आणि पंखाघराकडे त्यांची पाठ होती. तो एकाएकी तीसही बायकांनी एकाच वेळी कानांवर हात ठेविले आणि डोळे मिटले. त्यावरून राणोजींस कळले की धाकटा गेला. त्यांनी चिमाबाईंस पुसले, "झालं?" चिमाबाईंनी मान हलविली.

आत जाऊन पाहिले तो बेअरिंगचे दोन तुकडे, गोळ्या चहूकडे, दांडा खाली बसलेला, कवच फाटलेले, आणि भिंतीच्या पाऊणशे विटा पडवीत जेथे बायका बसत त्या फळ्यांवर पडलेल्या. बाईंनी तपास करून सांगितले की पंख्याचा वेग बटणामुळे निम्म्याने उतरला होता म्हणून विटांवर भागले. कोणासही इजा जाहली नाही. मग केबली पाहिल्या, चंदेरी रंग खरवडिला, खालून चिठ्ठ्या निघाल्या, आणि थोरल्याची थोरल्यावर नव्हती आणि धाकट्याची धाकट्यावर नव्हती. चौकशी जाहली. रंगारी म्हणाले की आम्हांस दिवाणसाहेबांनी सांगितले. दिवाणांनी तीन पानी खुलासा दिला आणि त्यात व्याह्यांचा उल्लेख दोन वेळ केला. सरकारांनी तो वाचला, घडी केली, आणि दिवाणांस सांगितले की, "आजपासून पंखाघराचा हुकूम तुमच्याकडे नाही." इतकेच बोलिले. दिवाण पुढे वह्यांच्या कागदाची पाठवणी पाहू लागले आणि ते काम त्यांनी चांगले केले, हेही लिहिले पाहिजे.

राणोजी मात्र दुसरे दिवशी कामावर आले नाहीत. आपण खोटी साक्ष दिली, ती तीस बायकांच्या जिवावर होती, आणि त्यांत आपली बायको होती, ऐसे म्हणून घरी बसले. सरकार स्वतः गाडीतून त्यांच्या दारी गेले. चिमाबाईंनी चहा केला. सरकारांनी पुसले, "सांगितलं का नाही दोन वर्षं?" राणोजी तोंड वाचून म्हणाले, "कान गेला म्हणल्यावर माझं उरतं काय, सरकार? लोक मला कानानंच वळखत्यात." सरकारांनी चहा संपवून कपबशी खाली ठेविली आणि म्हणाले, "छत्तीस वर्षं तुम्हाला त्या आवाजात बसवलं आम्ही. कानात घालायला कापसाचा बोळा दिला नाही. चुकलं ते आधी आमचं." राणोजींस शब्द नीट वाचता आले नाहीत ऐसे वाटून त्यांनी चिमाबाईंकडे पाहिले. चिमाबाईंनी मोठ्याने सांगितले, "सरकार म्हणत्यात, त्यांचं चुकलं!" हे सगळ्या आळीने ऐकिले.

मग राज्यात डॉक्टर आले आणि सर्वांचे कान तपासण्याचा हुकूम जाहला. पंखाघर, बॉयलर आणि लगद्याचे कुंड मिळून चौऱ्याऐंशी मनुष्ये तपासली, त्यांपैकी एकोणीस जणांस कमी ऐकू येते ऐसे निघाले, आणि एकोणीसही जण लपवीत होते, आणि प्रत्येकास वाटत होते की आपण एकटेच. दिवाणांनीही हौसेने कान तपासून घेतले. त्यांचा डावा कान बारा वर्षांपासून बंद आहे ऐसे आढळले. दरबारात सरकार त्यांच्या डाव्या हातास बसत. तेव्हा पुष्कळ गोष्टींचा उलगडा जाहला, आणि दिवाणांची खुर्ची दुसरे बाजूस ठेवण्यात आली.

पौष मासी नवा धाकटा पंखा आला. अवंतीबाईंनी पेटी पुन्हा बसविली आणि सरकारांस अट घातली की दर पंधरा दिवसांनी एका माणसाने मोगरी घेऊन प्रत्येक सेन्सरवर तीन ठोके मारावे आणि दुसऱ्याने पडद्यापुढे बसून पेटी योग्य नाव घेते की नाही ते पाहावे. मोगरीचे काम राणोजींकडे आले, कारण कोणता हादरा कोठला हे त्यांचा तळवा अचूक सांगे. त्यांस डॉक्टरांनी कानात घालावयाचे यंत्र दिले. ते पहिल्या दिवशी घालून राणोजी घरी गेले, आणि चिमाबाई चुलीपासून पूर्वीप्रमाणे ओरडल्या, "हातपाय धुवा!" राणोजी दचकून भिंतीस टेकले आणि म्हणाले, "अगं, हळू. ऐकू येतंय." चिमाबाई वळून बघू लागल्या. मग अगदी हळू, दोन वर्षांत कधी बोलिल्या नव्हत्या तितक्या हळू म्हणाल्या, "आता ऐकू येतंय?" राणोजींनी मान हलविली. चिमाबाईंनी पदर तोंडास लाविला आणि त्या पुन्हा चुलीकडे वळल्या.

एवं च, पंखा एक मोडला, भिंत एक पडली, दिवाण एक डावीकडे सरकले, मनुष्य एकही गेले नाही. पेटीने रोग खरा सांगितला आणि नाव चुकविले. राणोजींनी नाव बरोबर सांगितले आणि उशीर केला. भिंत नव्याने बांधिली, ती पहिलीपेक्षा दुप्पट जाड आहे. माघ वद्य द्वितीयेपावेतोचे वर्तमान इतके. ज्यास पटेल त्याने ठेवावे, न पटेल त्याने पंखाघरात जाऊन तळवा टेकून पाहावा.